टायरचं बिल कोणाच्या नावावर?

माझा मुलगा डर्टवर मोटरसायकल चालवतो हे कळलं की आमच्या पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या बायका विचारतात, ‘पडला तर?’ पडतो, दर रविवारी पडतो. म्हणून तर गळ्याला ब्रेस, छातीला प्रोटेक्टर आणि गुडघ्यापर्यंत बूट. पुरुषांचा प्रश्न वेगळा असतो. ‘पुढे देशासाठी खेळणार ना?’ हा मला खटकतो. विचारणाऱ्याने आधी सांगावं, देशाने माझ्या पोराला आजवर काय दिलं?

मी भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडरकडे इन्स्पेक्शनला आहे. गो-नोगो गेज घेऊन दिवसभर दुचाकीचे पार्ट तपासायचे. बसला तर पास, नाही तर लाल डबा. देशप्रेमाला गेज लावता येत नाही, पण खर्चाला येतं. नॉबी टायरची जोडी, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेटी, एन्ट्री फी, गाडी टेम्पोत टाकून न्यायचं भाडं, ही सगळी बिलं आमच्या घराच्या नावावर आहेत. पोराचे पाय वाढतील तसे बूट बदलतात. ते पालकांच्या ग्रुपवर सेकंडहँड मिळतात, ज्याचा पोरगा आधी मोठा झाला त्याच्याकडून. सरावाची जागा म्हणजे चाकणच्या पलीकडे कोणाचं तरी पडीक रान. मालकाची मिनतवारी करायची, तासावर जेसीबी लावून जंप उठवायच्या, धूळ बसावी म्हणून टँकर मारायचा. एका वर्षी त्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या आणि एन. ए. प्लॉटचा बोर्ड लागला. पोरांनी महिनोन् महिने घासून बसवलेला बर्म, म्हणजे वळणावरचा मातीचा बांध, आता कोणाच्या तरी बंगल्याच्या जोत्याखाली असेल.

हे कुठे चाललंय, तर आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात, जिथे दर शिफ्टला मोटरसायकली लाईनवरून उतरतात. बजाजने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, 2012 मध्ये चाकणची 200 ड्यूक आपल्या रस्त्यांवर आली आणि जानेवारी 2023 मध्ये तिथून दहा लाखावी केटीएम निघाली. याच चाकणच्या आरसी 390 वर जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत शाळकरी मुलांच्या शर्यती भरवल्या गेल्या. आमच्या शेजारपाजारच्या हातांनी जोडलेल्या गाडीवर तिकडची पोरं घडली. आमच्या पोरांना डर्टसाठी लागणारी 65 किंवा 85 सीसीची छोटी केटीएम मात्र चाकणला बनत नाही. ती ऑस्ट्रियातून येते, आयात शुल्क भरून. 2025 च्या अर्थसंकल्पात ते 50 टक्क्यांवरून 40 वर आलं, वर जीएसटी आहेच. ज्यांना ते झेपत नाही ते रस्त्यावरची जुनी गाडी सोलून, हेडलाईट-मडगार्ड काढून पोराच्या हातात देतात. आम्हीही तेच केलं.

महिंद्राची गोष्ट याहून बोलकी आहे. कायनेटिकचा दुचाकीचा धंदा 2008 मध्ये घेऊन महिंद्रा टू व्हीलर्स उभी राहिली. तिचं ऑफिस चिंचवडच्या एमआयडीसीत होतं. 2011 मध्ये ही कंपनी जागतिक ग्रां प्रीच्या 125 सीसी वर्गात उतरली. गाडी इटलीत घडलेली, पुढे 2013 ची स्वित्झर्लंडच्या सुटरने बांधलेली. 2011 च्या व्हॅलेन्सियात महिंद्राला पहिली पोल पोझिशन मिळवून दिली डॅनी वेब नावाच्या इंग्लंडच्या पोराने. 2013 मध्ये सेपांगला पहिलं पोडियम पोर्तुगालच्या मिगेल ऑलिव्हेराचं. 2016 मध्ये असेनला पहिला विजय इटलीच्या फ्रान्सेस्को बन्यायाचा, जो पुढे 2022 आणि 2023 मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता झाला. चेन्नईचा सरथ कुमार 2011 मध्ये त्याच 125 सीसी वर्गात धावत होता, पण दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर. 2017 च्या हंगामानंतर महिंद्राने तिथून गाशा गुंडाळला.

मी कंपनीला दोष देत नाही. जिंकायचं तर तयार रायडर लागतो, आणि तो जिथे तयार होतो तिथूनच आणावा लागतो. पण जे कंपनीला चालतं ते पोराला का चालू नये? आपली कंपनी इंग्लंडच्या पोराला पगार देते तेव्हा भारत जगात पोचला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उद्या माझ्या पोराला जर्मनीतल्या एखाद्या टीमने बोलावलं, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण काय बोलेल ते मला आजच ऐकू येतं.

माझा धाकटा भाऊ पिंपरीच्या टाटा मोटर्समधून कॉव्हेंट्रीला जग्वार लँड रोव्हरमध्ये गेला आणि तिथलाच झाला. त्याचा मुलगा तिथे जन्मला आणि त्याला नाद लागला स्पीडवेचा. हा खेळ आपल्याकडे नाही म्हणून सांगते. 500 सीसीची गाडी, ब्रेक नाहीत, इंधन मिथेनॉल. चार जण, चार फेऱ्या, लंबगोल कच्चा ट्रॅक, आणि वळणावर मागचं चाक घसरवतच गाडी न्यायची. मिनिटभरात सगळं संपतं. भावाने पहिला व्हिडिओ पाठवला तेव्हा आमची आई म्हणाली, ‘ब्रेक नाहीत म्हणजे काय? दुकानदाराला परत द्या की ती गाडी.’

तिकडेही सगळं आलबेल नाही. कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन स्टेडियममधला स्पीडवे 2016 नंतर बंद झाला. बिल्डरला त्या जागेवर घरं बांधायची होती. पीटरबरो आणि वूल्व्हरहॅम्प्टनचे ट्रॅक 2023 मध्ये गेले. चुन्याच्या रेघा तिथेही पडतात म्हणायचं. तरीसुद्धा भाच्याला आधी 125, मग 250, मग 500 सीसी अशी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची शिडी मिळाली. 2021 मध्ये त्यांच्या वरच्या लीगमध्ये प्रत्येक टीमने एक जागा ‘रायझिंग स्टार’साठी, म्हणजे घरच्या तरुण रायडरसाठी ठेवायची असा नियम आला. भांडणं संपलेली नाहीत. बाहेरच्यांची भरती कमी करा, असं लोक म्हणतात. आणि घरचा पोरगा तयार झाला की तो निघतो पोलंडला, कारण पैसा पोलंडच्या लीगमध्ये आहे. डॅन ब्यूली व्रोत्सवाफकडून खेळला, रॉबर्ट लँबर्ट तोरुनकडून. आणि ब्रिटनने 2021 आणि 2024 मध्ये मँचेस्टरला स्पीडवे ऑफ नेशन्स जिंकली ती याच दोघांच्या जिवावर. टाय वॉफिंडन तर इंग्लंडमध्ये स्कंथॉर्पला जन्मला, ऑस्ट्रेलियात पर्थला वाढला आणि ब्रिटनच्या नावावर 2013, 2015 आणि 2018 असा तीनदा जगज्जेता झाला.

पोलंड आपल्या गल्ल्यातला पैसा परदेशी रायडरना देतं, पण क्लबला घरची ज्युनियर पोरंही उतरवावीच लागतात. नियमच आहे. त्याच पद्धतीत वाढलेला बार्तोश झ्मार्झलिक 2025 पर्यंत सहा वेळा जगज्जेता झाला. तिथे निष्ठेवर भाषणं होत असतील तर होवोत, पण आधी गेटवर पोराची जागा राखून ठेवलेली असते.

माझी भावजय एकदा फोनवर म्हणाली, ‘ताई, याला भारताकडून नाही का उतरता येणार? आजोळ तर नाशिक, घर तर पिंपरी.’ नाही येणार. 2008 पासून सरकारचं धोरण आहे की भारताचं प्रतिनिधित्व करायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. ओसीआय कार्ड चालत नाही. अराटा इझुमी आठवतो? बालेवाडीत खेळणाऱ्या पुणे एफसीचा फुटबॉलपटू, आई जपानी, वडील गुजराती. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं, 2012 मध्ये भारतीय झाला आणि 2013 मध्ये भारताच्या संघातून खेळला. एवढं करणाऱ्याला माझा नमस्कार. भाच्याने ते करावं असं मात्र मला वाटत नाही, आणि भावजयीलाही मी तेच सांगितलं. तिला राग आला. पण ज्या इंग्रज म्हाताऱ्यांनी शनिवार-रविवार पदरचं पेट्रोल जाळून त्याला क्लच सोडायला शिकवला, पडल्यावर उचललं, क्लबची गाडी वापरायला दिली, त्यांचा त्याच्यावर पहिला हक्क आहे. तो ब्रिटनच्या जर्सीत उभा राहिला तर इथे पेढे मी वाटीन.

हा हिशेब लावला की माझ्या पोरावर कोणाचा हक्क आहे, हेही विचारावं लागतं. त्याच्या हेल्मेटच्या मागे तिरंग्याचा स्टिकर आहे. तो त्याने स्वतः लावलाय, मी सांगितलेलं नाही. प्रेमाचा प्रश्न तिथेच मिटला. हक्काचा मिटलेला नाही. केरळच्या शोरनूरचा हारिथ नोआ, ज्याची आई जर्मन आहे, 2024 च्या डकार रॅलीमध्ये रॅली-2 वर्गात पहिला आणि एकूण अकरावा आला, तेव्हा आपण त्याला लगेच ‘आपला’ म्हणून टाकलं. आहेच तो आपला. पण त्याला आधार शेर्को-टीव्हीएस टीमचा होता. आपण फक्त व्हॉट्सॲप फॉरवर्ड केलं.

जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. 450 सीसीला परदेशी रायडर, एक वर्ग भारतीय आणि आशियाई पोरांचा, शिवाय 85 सीसीचा ज्युनियर गट. ‘गोऱ्यांची सर्कस आणलीय’ असं कोणी कोणी म्हणालं. मला तसं वाटलं नाही. परदेशी रायडर जंपच्या आधी कुठे गॅस सोडतो, हवेत गाडी कशी सरळ करतो, हे स्टँडवरून बघताना माझ्या पोराचं तोंड उघडं राहिलं होतं. तक्रार वेगळी आहे. ट्रॅकसाठी ट्रकच्या ट्रक माती आली आणि शर्यत झाल्यावर उचलली गेली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा कोणाचं रान मिळतंय का ते शोधत होतो.

माझ्या घरापासून नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम जवळच आहे. महापालिकेने तिथे पॉलिग्रास टाकलं. तिथल्या पोराला कोणी ‘देशासाठी खेळणार का’ विचारलं, तर तो प्रश्न रास्त आहे. त्याच्या पायाखालचं मैदान शहराने दिलंय. मोटरस्पोर्टला सरकारची मान्यता आहे, त्याचा राष्ट्रीय महासंघ आहे. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचं प्रशिक्षण बसतं. म्हणजे पट्ट्यातल्या कंपन्यांनी चाकणला एमआयडीसीच्या पडीक तुकड्यावर मातीचा एक ट्रॅक बांधला तर कायदा आडवा येत नाही. तोपर्यंत स्पाईन रोडवर रात्री गाड्या मारणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरलं की सगळे म्हणणार, आजकालची पिढी!

आणि ट्रॅक म्हणजे नुसती माती नाही. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळूरचा तेरा वर्षांचा श्रेयस हरीश शर्यतीतल्या अपघातात गेला. त्या दिवसापासून मी रान बघायला गेले की आधी रस्ता बघते, अँब्युलन्स आत येईल का. येणार नसेल तर गाडी टेम्पोतून उतरतच नाही. पोरगा चिडतो, चिडू दे. अँब्युलन्स, मार्शल, वयाप्रमाणे गट आणि शिकवणारा माणूस हे ट्रॅकबरोबर आलं पाहिजे. छोट्या गाड्याही ट्रॅकच्या मालकीच्या असाव्यात, म्हणजे कामगाराच्या पोरीलाही बसून बघता येईल.

दर शर्यतीला पालकाची सही घेतात. काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत, असं त्या कागदावर असतं. मी दरवेळी वाचते आणि करते सही. उद्या महापालिकेने किंवा एखाद्या कंपनीने दुसरा कागद पुढे केला, की सरावाची जागा, गाडी, टायर आणि विमा आम्ही देतो, त्या बदल्यात पाच वर्षं तुमचा मुलगा परदेशातून किती बोलावणी आली तरी भारताच्या लायसन्सवर धावेल, तर त्यावरही करीन. फक्त टायर वर्षाला किती जोड्या, ते आकड्यात लिहा.