गोंदिया नेमकं कुणाला दूर आहे?

नीटचा निकाल लागला की आपल्या घरांत एक ठरलेली बैठक बसते. सांगली-मिरजेकडच्या मुलीला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळालेली असते. घरापासून तासाभरावरच्या एका अभिमत विद्यापीठातही तिचा नंबर लागू शकतो. अब्बा, चाचा, मामू बसतात आणि निकाल देतात : पोरीला एवढ्या लांब पाठवायचं नाही. मुलीला कुणी विचारत नाही.

हा निकाल चुकीचा आहे.

आधी पैशांचं बघू. अभिमत विद्यापीठाची फी वर्षाला २० लाख धरली, तरी साडेचार वर्षांचे ९० लाख होतात. वसतिगृह आणि पुस्तकं वेगळी. उलट, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासकीय महाविद्यालयांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बागवान, अत्तार, पिंजारी अशी आपली कितीतरी घरं ओबीसीत येतात. खासगी अभिमत विद्यापीठांना मात्र ही सवलत लागू नाही. म्हणजे फुकट मिळणारी जागा सोडून आपण प्लॉट विकतो, धाकट्याचं शिक्षण अडवतो आणि त्याला मुलीवरचं प्रेम म्हणतो.

हे पैसे शिक्षणाचे नाहीत, राखणीचे आहेत. मुलगी नजरेआड होऊ नये, याची ती किंमत आहे. तसं नसतं तर याच घरांतल्या मुलांना आपण बिश्केक-ताश्कंदला पाठवलं नसतं. तिथून परत आल्यावर त्यांना भारतात वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि त्यात बहुसंख्य नापास होतात, हे ठाऊक असूनही पाठवतो. इल्मसाठी चीनपर्यंत जा, असं जलशात ऐकताना माना डोलावणाऱ्यांना मुलीसाठी गोंदिया लांब वाटतं. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सांगली करत थेट गोंदियाला जाते. गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.

‘नवं कॉलेज आहे, शिकवायला माणसं कमी,’ असं सांगितलं जातं. गोंदियाचं महाविद्यालय २०१६ चं आहे आणि सरकारी महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, हे खरंच आहे. त्यासाठी सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण डॉक्टर घडतो तो रुग्णांच्या खाटेशेजारी. सिकलसेल, मलेरिया, सर्पदंश, अडलेली बाळंतपणं असे रुग्ण तिथल्या वॉर्डांत रोज येतात. खासगी महाविद्यालयाची काचेची इमारत हे शिकवू शकत नाही. पदवीनंतरची नोंदणी त्याच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये होते आणि पुढे नीट पीजीचा पेपरही सगळ्यांना एकच असतो.

सुरक्षिततेची काळजी असेल तर वसतिगृह बघून या, तिथल्या मुलींशी बोला, रेक्टरला भेटा. काळजी अशी करतात. जागा सोडून देणं ही काळजी नव्हे.

आपल्या बायकांना बाळंतपणासाठी बाईडॉक्टरच हवी असते. ती बाईडॉक्टर कुणाची तरी मुलगी असते आणि कुणीतरी तिला घरापासून लांब जाऊ दिलेलं असतं. दुसऱ्यांच्या मुली चालतात, मग आपली का नाही?

पुढच्या फेरीत पसंतीक्रम भरताना मोबाईल मुलीच्या हातात द्या. गुण तिने मिळवलेत, क्रमही तीच लावेल.