भावंडे, नाग आणि पाताळ : मराठी बालकथेतील एक तुटलेला धागा

भावंडांची टोळी आणि तिला भेटणारा एखादा अद्भुत प्राणी ही बालकथेतील जोडणी मूलतः परकीय आहे, असा समज मराठीच्या अध्यापनात रूढ झालेला दिसतो. तो अगदीच निराधार नाही. ई. नेस्बिट यांच्या १९०२ मधील कादंबरीत पाच भावंडांना खडीच्या खाणीत इच्छा पुरविणारा एक चिडखोर प्राणी सापडतो, सी. एस. लुईस यांच्या १९५० मधील कथेत चार भावंडे कपाटातून नार्नियात शिरतात. मराठीत याला समांतर असे फारसे हाती लागत नाही. ‘श्यामची आई’मध्ये साठविलेल्या पैशांतून धाकट्या भावाला कोट शिवणारा श्याम आहे, पण तेथील बंधुप्रेम हा संस्कार आहे, त्यातून साहस उद्भवत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने साहसाची भूक भागविली, परंतु त्याचे जग वास्तवाचे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण पिढ्यानपिढ्यांच्या लक्षात राहिली, ती रंगभूमीवर.

मात्र हा शोध ‘बालसाहित्य’ अशी चिठ्ठी लावलेल्या फडताळापुरताच घेतला जातो. शेजारच्या फडताळात, व्रतकथांमध्ये, नागपंचमीची कहाणी आहे. माहेरचे कोणीच नसलेली धाकटी सून शेषनागाला मामा मानते. तो ब्राह्मणाच्या रूपाने येतो आणि तिला फणीवर बसवून पाताळात नेतो. तेथे नागीण बाळंत होत असताना ही दिवा धरून उभी राहते, भिते, दिवा हातून पडतो आणि पिलांची शेपटे भाजतात. पिले मोठी होऊन सूड घ्यायला येतात. तेव्हा ही पाटावर नागांची चित्रे काढून, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवून, आपल्या लांडोबा-पुंडोबा या भावांची खुशाली मागत असते. ते ऐकून त्यांचा राग ओसरतो.

साहसकथेला लागणारे सारे येथे आहे : दुसऱ्या लोकातला प्रवास, अपराध, पाठलाग, सुटका. तरीही नेस्बिट-लुईस यांच्या कथांपेक्षा हिची घडण वेगळी आहे. त्या कथांत भावंडे माणसांचीच असतात आणि अद्भुत प्राणी त्यांना बाहेरून भेटतो. कहाणीत प्राणीच भावंड होतो. नाते आधीचे नसते, ते मानावे लागते; आणि मानलेले नाते अपघाताने दुखावले तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. शिवाय नागाची तक्रार खोटी नाही. शेपूट खरेच भाजलेले आहे. प्रतिपक्षाला इतका न्याय देणाऱ्या बालकथा कोणत्याही भाषेत थोड्याच. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपवास करण्याची प्रथा आहे. तिच्या मुळाशी हेच मानलेले नाते आहे. पाणवठ्यावरच्या सात आसरा आणि काही ठिकाणी त्यांच्याशेजारी भाऊ म्हणून बसलेला म्हसोबा, हेही याच कुळातले.

हे साहित्य मुलांच्या पुस्तकात का उतरले नाही? सुधारणावादी पिढ्यांनी कहाणीला अंधश्रद्धेच्या खात्यावर टाकले, हे एक कारण. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता : साप दूध पीत नाही, आणि पाजल्यास त्याला अपायच होतो. पण आचार आणि कथा या वेगळ्या करता येतात. नार्निया वाचणारे मूल कपाटाची पूजा करू लागत नाही. दुसरे कारण विद्यापीठीय आहे. कहाणी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत, बालकथा बालसाहित्याच्या. दोहोंची गाठ प्रबंधातही क्वचितच पडते.

या विभागणीची किंमत नेमक्या ठिकाणी पाहायची तर खालापूर तालुक्यातील रसायनी पाहावी. गावाचे नावच कारखानदारीतून आले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्याभोवती येथे वसाहत उभी राहिली. भोवती मोहोपाडा, वाशिवलीसारखी गावे आणि कातकरी-ठाकरांच्या वाड्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारने येथील बहुतेक उत्पादन बंद करण्यास मान्यता दिली. या साऱ्याशेजारून वाहते ती पाताळगंगा. तिला बारमाही पाणी लाभते ते मुख्यतः खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून. १९१५ पासून तेथील जनित्रे फिरवून सुटलेले पाणी तिच्यात येते. म्हणजे नावात पाताळ, पाण्यात यंत्र आणि काठावर रसायन. कल्पक लेखकाला आणखी काय हवे?

तरीही येथील शाळकरी मुलाला भावंडांची अद्भुत साहसकथा वाचायची झाल्यास ती बहुधा भाषांतरितच मिळते. तिच्यातले बर्फ त्याने पाहिलेले नसते. भाषांतराला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत भागवतांच्या हातूनच पोहोचला. खंत आहे ती दुसरी बाजू रिकामी असल्याची. कामगार वसाहतीतले बहीणभाऊ आणि वाडीवरची त्यांची मैत्रीण यांना पाताळगंगेच्या काठी शेपूट भाजलेली नागाची पिले भेटली, तर पिलांचा पहिला प्रश्न दिवा कोणाच्या हातून पडला हाच असेल. औद्योगिक सांडपाण्याने ही नदी वर्षानुवर्षे प्रदूषित नद्यांच्या यादीत आहे. उत्तर देताना मुलांना आपल्याच वडीलधाऱ्यांची नावे घ्यावी लागतील, आणि तरीही पिलांना भाऊ म्हणायचे धाडस करावे लागेल. ही कथा अद्याप कोणी लिहिलेली दिसत नाही. ती लिहिणाऱ्याला कहाणी ठाऊक असावी लागेल, आणि आज ती त्याला बालसाहित्याच्या वर्गात शिकविली जात नाही.