विश्लेषण : संगमनेरचा झिका आणि बशीतला मेंदू

२०२४ मध्ये महाराष्ट्रात झिकाचे १४० रुग्ण आढळले. त्यांपैकी १२५ पुणे जिल्ह्यातले. त्याखालोखाल आकडा होता शेजारच्या अहिल्यानगरचा, ११. जिल्ह्याचे सरकारी नाव तेव्हा अहमदनगर होते आणि बातम्यांत गाजत होते ते संगमनेर. झिकाचा ताप बहुतेकांना काही दिवसांत सोडतो, अनेकांना तर लागण झाल्याचे कळतही नाही. धास्ती असते ती गरोदर बाईला, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. झिकामुळे लहान डोक्याचे बाळ जन्मल्याची नोंद त्या वर्षी देशात झाली नाही, हा मोठाच दिलासा. पण केंद्राने ३ जुलै २०२४ रोजी राज्यांना गर्भवतींवर लक्ष ठेवायला सांगितले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती औषध नव्हते. आजही नाही. सोनोग्राफी करत राहायची आणि वाट पाहायची, एवढेच.

हे औषध शोधायचे कसे, हा प्रश्न म्हणूनच दूरच्या प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

उंदीर कुठे कमी पडला?

नेहमीची वाट म्हणजे आधी उंदीर, मग माणूस. झिकाने ती अडवली. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉनचा इशारा देते. हा इशारा पुढे नेणारे ‘स्टॅट-२’ नावाचे प्रथिन माणसात झिका मोडून टाकतो. उंदराचे तेच प्रथिन त्याला मोडता येत नाही. त्यामुळे धडधाकट उंदीर झिकाला सहसा दाद देत नाही, आणि प्रयोगासाठी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमकुवत केलेले उंदीर वापरावे लागतात. अशा उंदरावरून माणसाच्या बाळाबद्दल किती बोलायचे?

मग उत्तर कुठून आले?

माणसाच्याच पेशींतून. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून ती पुन्हा मूळपेशीसारखी करून दाखवली. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. अशा मूळपेशीपासून चेतापेशी बनवता येतात. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांच्या गटाने त्यांचा काही मिलिमीटरचा गोळा वाढवला. गर्भातल्या मेंदूचे सुरुवातीचे थर त्यात आपोआप रचले जातात. याला म्हणतात ऑर्गनॉइड. गंमत अशी, की त्याच संशोधनात त्यांनी लहान डोक्याचा जन्मजात विकार असलेल्या रुग्णाच्या पेशींपासूनही गोळा तयार केला होता.

तीनच वर्षांनी ब्राझील हादरले आणि ही पद्धत कामी आली. २०१६ मध्ये ब्राझील व अमेरिकेतील गटांनी असे गोळे झिकाच्या संपर्कात आणले. ते खुरटले. ज्या पेशींपासून पुढे चेतापेशी तयार होतात, त्यांनाच विषाणू गाठतो हे दिसले. ब्राझीलच्या प्रयोगात डेंग्यूचा विषाणूही तपासला गेला. डास तोच, एडिस, पण डेंग्यूने तसे नुकसान केले नाही. त्याच वर्षी मानवी पेशींवर सुमारे ६,००० रसायने तपासण्यात आली. झिकाची वाढ रोखणाऱ्यांत निघाले निक्लोसामाइड, पट्टकृमीवरचे जुने औषध.

ते झिकाचे औषध ठरलेले नाही, हेही लगेच सांगायला हवे. बशीतल्या गोळ्याला रक्तवाहिन्या नसतात, वार नसते, आई नसते. शिवाय एका खेपेचा गोळा दुसऱ्या खेपेसारखा निघेलच याची खात्री नाही. उंदीर उद्यापासून हद्दपार, असे कोणी सांगत असेल तर ते खरे मानू नये. पण औषधांच्या चाचण्यांत गर्भवतींना सहसा घेतच नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे. अशा वेळी मानवी पेशींवरचा पुरावा हा त्यांच्यासाठी मिळू शकणारा पहिला आणि कधी कधी एकमेव पुरावा असतो. थॅलिडोमाइडची आठवण इथे पुरेशी आहे. त्या औषधाने बाळांचे केलेले नुकसान साध्या उंदरात दिसतच नाही.

महाराष्ट्रात काय हवे?

कायद्याची आडकाठी उरलेली नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्राने नवी औषधे व चाचण्यांच्या नियमांत बदल करून मानवी पेशींवरील पद्धतींना जागा दिली. सामग्रीही घराजवळ आहे. विषाणूंसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, पेशींचा साठा सांभाळणारे पुण्याचेच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तर ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ या भ्रूणीय मूळपेशींच्या वाणांची निर्मिती पूर्वीच केली आहे. लोणीत आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बंगळूरुत निम्हान्स आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र मनोविकार असलेल्या कुटुंबांच्या रक्तातून मूळपेशी तयार करून अभ्यास करतात. तशी कायमची सांगड पुणे-नगर पट्ट्यात झिका, चिकुनगुनियासारख्या आजारांसाठी बसवली पाहिजे. साथ आली की समिती नेमायची, ही सवय इथे उपयोगाची नाही.

आणि संमती? संगमनेरच्या बाईने दिलेल्या रक्तातून बनलेली पेशी वर्षानुवर्षे वाढत राहू शकते, तिच्यावरून कंपनीचे औषधही निघू शकते. हे तिला सही करण्याआधी मराठीत, समजेल असे सांगणे ही उपकाराची गोष्ट नव्हे. तितकेच दुसरेही सांगावे लागेल, की ही मूळपेशी तपासणीसाठी आहे, उपचारासाठी नाही. ‘स्टेम सेल’ची पाटी लावून मेंदूच्या विकारांवर लाखोंची इंजेक्शने विकणारे आहेतच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले तर असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही.

एक व्यावहारिक अडचण राहते ती वेळेची. मूळपेशी तयार करायला आणि मग मेंदूचा गोळा वाढवायला महिने लागतात. एडिसचे डास मात्र पहिल्या पावसानंतर बॅरलमध्ये, कुंडीत, टायरमध्ये आठ-दहा दिवसांत तयार होतात. त्यामुळे जूनमध्ये लागणारा गोळा आदल्या दिवाळीतच वाढवायला घ्यावा लागेल, आणि त्याची तरतूद त्याआधीच्या अर्थसंकल्पात असावी लागेल.