शोभेची जीप आणि झिजलेला हब

साहित्याला वाहिलेल्या मासिकात मोटारगाडीच्या हबाविषयीचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही गृहीतच धरले आहे. परंतु जुन्या वस्तूचा आदर म्हणजे काय, हा प्रश्न साहित्याला परका नाही. आणि त्याचे उत्तर चर्चामंडळापेक्षा गॅरेजात अधिक लवकर मिळते, असा आमचा दावा आहे.

दहाव्या चामराजेंद्र वडेयरांच्या नावाने १८९२ साली वसलेल्या चामराजपेटेपासून कलासीपाळ्य आणि जयचामराजेंद्र रस्ता पायी चालण्याच्या अंतरावर आहेत. मोटारींच्या सुट्या भागांसाठी सारे बेंगळूर या रस्त्याकडे धाव घेते. जुनी विलीस वा महिंद्र पिकअप बाळगणाऱ्या हौशी मंडळींचीही पावले इकडेच वळतात. गाडीला आरशासारखा रंग, बैठकीला नवे कातडे, दिव्यांच्या कड्यांना चकाकी, या सर्वांसाठी त्यांचा हात सैल असतो. मात्र मिस्त्रीने पुढच्या चाकांचे दोन्ही लॉकिंग हब झिजले आहेत, बदलावे लागतील, असे सांगितले की हाच हात आखडतो. ‘असू द्या, ते मूळचे आहेत,’ असे उत्तर येते. या एका शब्दात जो ढोंगीपणा दडला आहे, त्याच्याशी आमचे भांडण आहे.

प्रथम हबाचे कार्य पाहू. अशा गाडीत एरवी मागचीच चाके ओढतात. चिखल, वाळू, चढण आली म्हणजे चालक पुढच्या ॲक्सललाही जोर देतो. परंतु जोर तोडलेला असतानासुद्धा रस्त्यावर फिरणारी पुढची चाके आपल्याबरोबर ॲक्सलचे दांडे, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट यांना विनाकारण फिरवीत राहतात. लॉकिंग हब हे फिरणे थांबवतो. चाकाच्या मध्यावरची चकती हाताने एका बाजूस फिरवली की चाक दांड्याशी जोडले जाते, उलट फिरवली की मोकळे होते. आत दाते असलेले एक सरकते कडे आणि एक स्प्रिंग, एवढाच हा संसार. दात्यांच्या कडा गोल झाल्या किंवा स्प्रिंग मेली म्हणजे चकती ‘जोडले’ असे दाखवते, पण दाते अर्धवटच बसतात आणि ऐन चढणीवर, माल भरलेला असताना, खाडकन सुटतात. त्यातही, साध्या डिफरन्शियलच्या गाडीत दोहोंपैकी एकच हब सुटला तरी त्या बाजूचा दांडा फुकट फिरू लागतो आणि दुसऱ्या चाकाचाही जोर जातो. एकाचा दोष दोघांना भोवतो. म्हणून हब जोडीनेच बदलावेत, असे जाणते मिस्त्री सांगतात.

आता त्या ‘मूळच्या’ हबाचे कुळ तपासू. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपला असे हब नव्हतेच. तिची पुढची चाके दांड्यांना कायमची जोडलेली होती. युद्धोत्तर काळात जुन्या लष्करी जीपगाड्या नागरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा अमेरिकेतील आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली हे हब बनवण्यास आरंभ केला. म्हणजे ज्याला आमचे संग्राहक मूळ म्हणून कवटाळतात, तो एका कल्पक माणसाने जुन्या गाडीत केलेला सुधार होय. ज्या वस्तूचा जन्मच दुरुस्तीच्या वृत्तीतून झाला, तिच्याच नावाने दुरुस्ती नाकारावी, यापरता विनोद कोणता?

यावर काही जण कायद्याचा आधार घेतात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखण्याची अट आहे, हे खरे. परंतु त्या नियमांचा आक्षेप आहे तो सांगाडा, कवच आणि इंजिन यांतील मोठ्या फेरफारांवर. झिजलेले दाते जपून ठेवा, असे कोणताही कायदा सांगत नाही. पुरीच्या जगन्नाथाचे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे घडवतात. ते मूळचे नाहीत म्हणून दोर ओढायला कोणी नकार दिल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आमच्या शेतकऱ्यानेही बैलगाडीच्या चाकाचा फुटलेला तुंबा वाडवडिलांचा म्हणून कधी गाडीत ठेवला नाही. वाडवडिलांची होती ती गाडी. आणि ती चालावी म्हणूनच तो तुंबा बदलीत असे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ‘आमची गाडी आता डोंगर चढणार नाही; मग हा खर्च कशाला?’ याला आमचे उत्तर असे की, मग तिला चार चाकांची गाडी म्हणून मिरवू नका. कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफीमळ्यांत जुन्या जीपगाड्यांनी ओझी वाहिली आहेत; तिथे वयापेक्षा उपयोगाला मान असतो. शिवाय न वापरलेला हबही आतून जाम होतोच. महिन्यातून एकदा मऊ मातीच्या वाटेवर तो जोडून थोडे अंतर गाडी हाकावी, म्हणजे वंगण सर्वत्र पोचते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चारही चाकांना जोर देऊ नये. वळणावर पुढच्यामागच्या चाकांची गती जुळत नाही आणि सारा ताण यंत्रणेवर येतो.

बदलण्याचे काम सोपे दिसते. म्हणूनच ते बिघडते. चाकांना अडणी लावून गाडी जॅकवर घ्यावी, बोल्ट व सर्कलिप काढून हब बाहेर ओढावा, आणि मग नवा बसवण्यापूर्वी दांड्याच्या खाचा व चाकाचे बेअरिंग नीट पाहावे. खाचाच झिजल्या असतील तर नवा हबही फार दिवस टिकणार नाही. जुन्या विलीसच्या दांड्याला दहा खाचा असतात. भलत्याच गाडीचा हब ठोकून बसवू नये. ग्रीस हलक्या हाताने लावावे, कारण ठासून भरलेले ग्रीस सरकत्या कड्यालाच अडवते.

एवढे ज्ञान ज्यांच्या बोटांत आहे, ते मिस्त्री केवळ रंगाच्या मागणीवर जगणार नाहीत. गिऱ्हाइकाने आत पाहायचेच नाही असे ठरवले, तर आत पाहणारा कारागीरही उरणार नाही; आणि उद्या एखाद्याला खरोखर घाट चढायचा असेल तेव्हा जयचामराजेंद्र रस्त्यावर वस्तू मिळेल, पण ती बसवणारा हात मिळणार नाही. जुने जपण्याच्या नावाखाली जुन्या विद्येची अशी हेळसांड करणाऱ्यांना आम्ही रसिक म्हणण्यास तयार नाही. हब बदला, जोडीने बदला, आणि काढलेला हब हवा तर काचेच्या कपाटात ठेवा. त्याची जागा तिथे आहे, चाकात नव्हे.