भिंतीआडचा पाइप कुठं आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघराची भिंत ओली होऊ लागली. प्लंबरनं चार ठिकाणी टाइल्स फोडल्या, तेव्हा कुठं पाचव्या ठिकाणी पाइप सापडला. नकाशे मागितले तर फाइलला वाळवी लागलेली. पंप सांभाळणाऱ्या काकांना सगळं तोंडपाठ होतं, पण ते नोकरी सोडून गावी गेले आणि त्यांच्याबरोबर आमची इमारतही गेली म्हणा ना!

मोठी कार्यालयं, हॉस्पिटलं, विमानतळ यांच्यासाठी आता यावर एक उपाय आहे : 'डिजिटल ट्विन', म्हणजे इमारतीचं कॉम्प्युटरमधलं जुळं भावंड. कुठला पाइप कुठून जातो, लिफ्टची शेवटची दुरुस्ती कधी झाली, याची त्यात नोंद असते. शिवाय खऱ्या इमारतीतले सेन्सर पाण्याचा दाब, तापमान, विजेचा वापर सतत कळवत राहतात. रात्री दोनला सगळे झोपलेले असताना पाणी वाहतंय असं दिसलं, की गळती आहे हे भिंत ओली होण्याआधीच कळतं. हे सारं 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरांत साठवलेलं असल्यानं देखभाल करणाऱ्याला मोबाइलवरही पाहता येतं.

अशा नोंदीचं मोल पॅरिसच्या नोत्र दाम चर्चनं दाखवलं. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकारानं २०१० मध्ये लेझरनं त्याची बारीक मापं घेतली होती. २०१८ मध्ये ते वारले आणि २०१९ मध्ये चर्चला आग लागली. पुनर्बांधणीत ती मापं कामी आली. पुढे संशोधकांनी चर्चचं डिजिटल जुळंही तयार केलं. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

पण पंप बदलला आणि नोंद केली नाही, तर हे जुळं चक्क खोटं बोलू लागतं. आणि घरोघरच्या पाण्याच्या आकड्यांवरून कोण गावाला गेलंय हेही कळतं. तेव्हा कुणी कंपनी अशी योजना घेऊन आली, तर ही माहिती कोण पाहणार आणि करार संपल्यावर ती कुणाच्या हाती राहणार, हे सेक्रेटरींना सहीआधी जरूर विचारा.

लहान सोसायटीला एवढा खर्च झेपत नाही. पण बाथरूमचं काम काढाल तेव्हा टाइल्स बसण्याआधी उघड्या पाइपांशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. त्यावर मजला, फ्लॅट, तारीख लिहून सोसायटीच्या ई-मेलवर टाका, एकट्या सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये नको. वहिनींच्या पाचव्या खड्ड्याचा फोटो आम्ही असाच जपलाय. पहिल्या चारांचेही आहेत, निदान तिथं पुन्हा कुणी फोडू नये म्हणून!