अपुरें घर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या बाजूस लहान मुलांच्याहि तोंडीं असते. तिचा अर्थ सर्व लोक एकच करितात : या दोन्ही कामांत खर्चाचा अंदाज चुकतो आणि माणूस मेटाकुटीस येतो. अर्थ खरा आहे. परंतु या दोन कामांत एक मोठा भेद आहे आणि तिकडे म्हणीचें लक्ष गेलेलें नाहीं. लग्न चार दिवसांत संपतें. आम्हां सामान्य पगारी व शेतकरी लोकांचें घर मात्र पांच-दहा वर्षें चालूं असतें, आणि तेवढ्या काळांत घरच्या माणसांस त्या बांधकामांतच जेवावें, निजावें, आजारी पडावें व अभ्यास करावा लागतो. त्या दिवसांविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. त्यांविषयीं, आणि त्यांतून मुलांच्या मनांत शिरणाऱ्या एका नव्या लाजेविषयीं, चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

त्यास कारणहि घडलें. गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. मुलगा नववींतला, हुषार. परंतु तीन आठवडे त्याची हजेरी तुटक होती. मी येतों आहें हें त्यास कोणी तरी सांगितलें असावें; कारण मी पाणंदीस वळलों तों हा रस्त्यावरच उभा. “सर, घरीं कोणी नाहीं. आपण इथंच पारावर बसूं.” मी हंसलों आणि पुढें चालत राहिलों. घर आलें. विटांच्या उघड्या भिंती, खिडक्यांच्या जागीं खताचीं रिकामीं पोतीं, अर्ध्या भागावर स्लॅब आणि अर्ध्यावर पत्रा. आई घरींच होती. नव्या स्लॅबवर पाणी मारीत होती. तिनें खालीं येऊन बाज पुसून दिली, चहा केला, आणि दोनदां म्हणाली, “गुरुजी, अजून काम व्हायचं आहे.” मुलगा तोंवर मान खालीं घालून बसला होता. गैरहजर राहिल्याची लाज त्यास नव्हती. घरास गिलावा नाहीं हें सरांनीं पाहिलें, याची होती.

त्यास मीं तेथें जें सांगितलें तेंच येथें लिहितों. आमचें स्वतःचें घर उभें राहावयास अकरा वर्षें लागलीं. पहिल्या वर्षीं डबराचा पाया भरून जोतें तेवढें वर आलें आणि पैसे संपले. भाड्याची खोली सोडून दिलेली होती. म्हणून जोत्याच्या बाजूसच पत्र्याची शेड उभारून आम्ही पांच माणसें तींत राहावयास गेलों. एक पावसाळा काढूं असें म्हणून गेलों, ते तीन काढिले. वैशाखांत दुपारीं त्या पत्र्याखालीं बसवत नसे, आणि आषाढांत वर असा ताशा वाजे कीं सायंकाळच्या प्रार्थनेंत एकाचे शब्द दुसऱ्यास ऐकूं येत नसत. माझी आई म्हणे, “देवाला ऐकूं येतं, तेवढं पुरे.” शेडमधील एकुलता एक कोरडा कोपरा सिमेंटच्या गोण्यांस दिला होता, कारण ओल लागली कीं त्यांचा दगड होतो. माणसांच्या अंथरुणांस तो मिळाला नाहीं. मुलें त्या गोण्यांवर वही ठेवून गृहपाठ करीत.

दुसऱ्या वर्षीं एका ठेकेदारास उचल दिली. त्यानें चार दिवस माणसें पाठविलीं, आणि पुढें तो आम्हांस दिसला नाहीं. पदवीधर मास्तरानें त्या व्यवहाराचा कागद केला नव्हता. लाजावयाचें असेल तर तें याविषयीं. त्यानंतर ठेका कोणासहि दिला नाहीं. गांवांतील एका वृद्ध गवंड्यास रोजानें बोलाविलें, आणि त्याच्या हाताखालीं बिगारी म्हणून शनिवारीं दुपारनंतर व सुट्टीच्या दिवशीं मी, माझी पत्नी आणि मुलें. रविवारीं काम बंद. मास्तर घमेलें वाहतात हें पाहावयास प्रथम प्रथम लोक थांबत. पुढें त्यांस कंटाळा आला. ज्या प्रभूच्या नांवानें आपली शाळा चालते तो सुताराच्या घरीं वाढला, हें आम्ही उपासनेंत नेहमीं सांगतों. परंतु घमेल्याचा पहिला फोड हातास येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळला नव्हता.

त्या गवंड्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें. मागच्या खोलीची आंखणी करितांना त्यानें कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट व दुसरीवर चार फूट मापून खुणा केल्या, आणि दोन खुणांमधील तिरपें अंतर बरोबर पांच फूट येईपर्यंत खुंटी हलविली. माझा मुलगा आठ दिवस पायथागोरसचा सिद्धान्त घोकीत होता आणि तो त्यास येत नव्हता. तो एकाएकीं ओरडला, “हें तर आमच्या पुस्तकांत आहे !” नऊ आणि सोळा मिळून पंचवीस होतात, हें त्यास त्या दिवशीं जें समजलें तें कायमचें. पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांस धरून लांबच्या दोन भिंतींची पातळी एक करावयाची, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे कीं पोट काढिते आहे हें पाहावयाचें, हें सर्व विज्ञानच आहे. यावरून कोणी असें मात्र समजूं नये कीं बांधकामासाठीं मुलांस शाळेंतून काढावें. सुट्टींत दोन तास हाताखालीं काम करणें निराळें, आणि मजूर मिळत नाहीं म्हणून तीन आठवडे मुलास घरीं ठेवणें निराळें. पालकांनीं हा भेद ध्यानीं धरावा, अशी माझी कळकळीची विनंति आहे.

बहुधा मुलास घरीं ठेवावें लागतें तें पाण्यासाठीं. सिमेंटची तहान ज्यानें भागविली आहे त्यासच ती ठाऊक. स्लॅब पडल्यावर त्यावर लहान लहान बांध घालून निदान चौदा दिवस पाणी कोंडून ठेवावें लागतें. विटांच्या भिंतीस आठवडाभर तरी सकाळ-सायंकाळ पाणी मारावें लागतें. यांत कसूर झाली तर सिमेंट पुरतें घट्ट होत नाहीं आणि पुढें भेगा पडतात. माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें अशीं धरणें आमच्या या दोन तालुक्यांत आहेत. तरी डोंगराच्या बाजूच्या वाड्यांत चैत्र-वैशाखांत विहिरी तळास जातात. गवंड्याची मजुरी वहींत मांडली जाते, सिमेंटचा भाव प्रत्येकास पाठ असतो; परंतु पाण्याच्या हंड्यांचा हिशेब मीं कोणत्याहि घराच्या खर्चांत पाहिला नाहीं. तो घरच्या बायकांच्या डोक्यावर असतो. माझें मत असें कीं, दिवाळी होतांच काम धरावें आणि विहिरी खालावण्यापूर्वीं, माघ-फाल्गुनांतच, स्लॅब उरकून घ्यावा. आम्हीं तो ऐन वैशाखांत घातला होता. माझ्या पत्नीची मान त्या वर्षापासून दुखते.

आतां त्या लाजेकडे येतों. ती जुनी नाहीं. आमच्या आजोबांच्या काळीं पुरें झालेलें घर अशी वस्तुच नव्हती. पश्चिमेकडील डोंगरांत कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून ते शेणामातीनें लिंपीत. पूर्वेकडे दगडामातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचें धाबें असे. कूड पुन्हा पुन्हा लिंपावा, धाब्यावर नवी माती टाकून चोपावी, जमीन सारवावी, मृग निघण्यापूर्वीं शाकारणी करावी, असा वर्षाचा क्रम. पुढें मंगळुरी कौलें आलीं. बासल मिशनच्या प्लेब्स्ट नांवाच्या मिशनऱ्यानें १८६५ सालीं मंगळुरांत त्यांचा कारखाना काढिला, आणि तेथून तीं देशभर गेलीं. त्यांनीं शाकारणी सोपी केली. तरी फुटकें कौल बदलावयास वर चढावें लागेच. घर हें शेतासारखें नेहमींचें काम होतें. म्हणून पाहुण्यापुढें ‘काम व्हायचं आहे’ असें म्हणून ओशाळण्याचें कोणास कारण नव्हतें. काम सर्वांचेंच व्हावयाचें असे. सिमेंट आलें आणि त्याबरोबर ‘एकदां बांधलें कीं संपलें’ ही कल्पना आली. तेव्हांपासून न संपलेलें घर ही दारिद्र्याची खूण ठरली. सिमेंटास मी नांवें ठेवीत नाहीं. गळती आणि वाळवी यांचा जाच त्यानें पुष्कळ कमी केला. कल्पनेस नांवें ठेवितों.

कारण तिच्यापायीं लोक घर उलट्या क्रमानें बांधूं लागले आहेत. रस्त्याकडील बाजूस गिलावा, फरशांची नक्षी, दुरून दिसेल असा रंग. आणि मागें न्हाणीस दार नाहीं. त्या रंगासाठीं पतपेढीचें कर्ज निघतें, आणि तें फेडावयाचें कोणत्या आधारावर, तर पुढच्या हंगामांत ओतूरच्या बाजारांत कांद्यास येणाऱ्या भावाच्या ! माझ्या मतें आधीं छप्पर, मग संडास, मग पाणी व उजेड, मग स्वयंपाकाची जागा, मग दारें-खिडक्या. बाहेरचा गिलावा अगदीं शेवटीं, आणि रंग मुलांचीं शिक्षणें झाल्यावर. येथें एखादा पालक मलाच शास्त्र सांगेल कीं, लूकच्या शुभवर्तमानांत बुरूज बांधावयास घेऊन तो पुरा न करणाऱ्यास लोक हंसतात. हंसतात खरे. पण तो दृष्टान्त आधीं बसून खर्चाचा अंदाज न करणाऱ्याचा आहे. यंदा आपल्या पैशांत जोतेंच होणार हें जाणून जो जोत्यावर थांबतो, त्यानें अंदाज केलेलाच आहे. सरकारी घरकुलाची जी योजना २०१६ सालीं सुरू झाली तिनें सपाट भागांत १,२०,००० व डोंगराळ भागांत १,३०,००० रुपयांचें साहाय्य आणि निदान २५ चौरस मीटरांचें घर असें मान ठरविलें. परंतु ती रक्कमहि हप्त्यांनींच, एकेका टप्प्याचें छायाचित्र पाहून द्यावयाची ठरली. सरकारनेंहि गरिबाचें घर टप्प्याटप्प्यानेंच होतें हें ओळखलें, मग आपणच कां लाजावें ?

घराचें तोंड पाहणाऱ्यांनीं त्यापेक्षां घराची जागा पाहावी. आंबेगांव तालुक्यास ज्याचें नांव आहे तें आंबेगांव डिंभें धरणाच्या पाण्यांत गेलें, आणि तालुक्याचें कामकाज घोडेगांवाहून चालतें. तेथून उठलेल्या एका कुटुंबाच्या नव्या घरांत मीं जुनी सागवानी चौकट बसविलेली पाहिली आहे. चौकट मोठी आणि भिंत ठेंगणी, म्हणून तिच्यासाठीं दाराजवळची भिंत वर उचलली होती. तें घर दिसावयास वेडेंवांकडें होतें; मला तें फार आवडलें. आणि माळीण तर आपणांपैकीं कोणी विसरूं शकत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं मुसळधार पावसांत डोंगराचा भाग खालीं आला आणि त्या गांवाच्या घरांवर बसला. १५१ माणसें गेलीं. त्यांत मातीचीं घरें होतीं तशीं पक्कीं होतीं, रंग दिलेलीं होतीं तशीं न दिलेलींहि होतीं. पुढें जवळच आमडे येथें नवें माळीण वसविण्यांत आलें आणि एप्रिल २०१७ मध्यें लोकांस तयार घरें मिळालीं. तीं भूकंपास टिकावीं अशा बेतानें बांधलेलीं, एकदम पुरीं झालेलीं घरें होतीं. तरी त्याच वर्षींच्या पहिल्या पावसांत तेथील रस्ते व भराव खचले आणि पुन्हां काम काढावें लागलें. नवी जमीन बसावयास आपला वेळ घेते. तेव्हां प्लॉट घेतांना उतारावर माती कोठें कापली आहे, पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें उतरतें, आणि ती वाट आपल्याच जोत्यानें तर अडत नाहीं ना, हें एक पावसाळा डोळ्यांनीं पाहून मगच कुदळ मारावी. आम्हीं पैशांच्या अभावीं जे तीन पावसाळे शेडमध्यें काढिले, त्यांत आमच्या जागेंतून पाणी कोठून वाहतें हें आम्हांस कळलें, आणि मागची खोली मूळ नकाशांतल्या जागीं न बांधतां आम्हीं ती चार हात वर सरकविली. हातीं पैसे असते तर ती ओढ्यांतच बांधली गेली असती.

हें सर्व ऐकून त्या दिवशीं तो विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. त्याच्या आईनें मात्र विचारलें, “मग तुमचं झालं का सगळं, गुरुजी ?” मीं सांगितलें कीं दक्षिणेकडील भिंतीस गिलावा अजून व्हावयाचा आहे. पुढच्या सोमवारपासून मुलगा शाळेंत येऊं लागला. पाणी मारण्याचें काम त्यानें पहांटे उठून करावें असें घरीं ठरलें होतें.

नाताळच्या सुट्टींत तो वर्गांतल्या दोन मित्रांस घेऊन आमच्याकडे फराळास आला. दारांत पाऊल ठेवितांच त्यानें विचारलें, “सर, ती भिंत कुठं आहे ?” मीं त्यांस मागें नेऊन दाखविली. परांचीच्या वाशांसाठीं ठेविलेलीं भोंकें तींत तशींच आहेत, आणि त्यांपैकीं चारांत चिमण्यांनीं घर केलें आहे. गेल्या उन्हाळ्यांत गिलाव्यापुरते पैसे जमले होते आणि गवंडी येऊन मापहि घेऊन गेला होता. परंतु आंत पिलें होतीं, म्हणून माझ्या आईनें त्यास परत पाठविलें. यंदा तो पुन्हां येणार आहे. आई म्हणते, आल्यावर पाहूं.