दोन घरांचा मुलगा



अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या कादंबऱ्या म्हटल्या की घोडे आणि बंदुका आठवतात. गोरा शिपाई शूर आणि तेथला मूळ रहिवासी क्रूर, असे त्यांतील पुष्कळ पुस्तकांत ठरलेलेच असते. 'रानातील प्रकाश' ही कादंबरी मात्र वेगळी आहे. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. जी. ए. कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली. मी समीक्षक नाही, आवडीने वाचणारा साधा वाचक आहे. तुम्हीही ही कादंबरी वाचावी असे मला वाटते. का, ते सांगतो.

कथा १७६४ सालची आहे. एक गोरा मुलगा चार वर्षांचा असताना लेनापे जमातीच्या लोकांनी त्याला पळवून नेले. क्युलोगा नावाच्या योद्ध्याने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. त्याचे नाव ठेवले 'ट्रू सन', म्हणजे खरा मुलगा. अकरा वर्षांनी इंग्रजांचे सैन्य आले. नेलेली सर्व गोरी माणसे परत करा, असा हुकूम सुटला. क्युलोगाने जड मनाने मुलाला सैन्याच्या हवाली केले.

जन्मदात्यांचे घर मुलाला परके वाटते. तेथले कपडे आणि बिछाना त्याला नकोसे होतात. धाकटा भाऊ गॉर्डी तेवढा त्याला जीव लावतो. शेवटी तो रानात पळून जातो. तेथे जमातीचे लोक त्याला नदीकाठी उभे करतात. त्याने गोऱ्यांची नाव फसवून किनाऱ्याला आणायची असते. नावेत त्याला गॉर्डीसारखे एक मूल दिसते आणि तो ओरडून त्यांना सावध करतो. जमात संतापते. क्युलोगा त्याचा जीव वाचवतो, पण नाते तोडतो. मुलगा एकटा उरतो.

हा शेवट काहींना फार उदास वाटेल. मला तो खरा वाटतो. दोन्हीकडच्या लोकांनी निरपराध मुलांना मारलेले आहे, हे लेखक लपवत नाही. दोन्हीकडचे मोठे लोक मुलाला एकच सांगतात : तू आमचा, नाहीतर शत्रूचा. त्याला नावेत शत्रू दिसला नाही, मूल दिसले. माझ्या मते ते ओरडणे हेच त्याचे सर्वांत मोठे शौर्य आहे.

मित्रांनो, एका माणसाची दोन घरे असू शकत नाहीत का? आमचे पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन आहे. परभणी, नांदेड आणि अकोला या तिन्ही बाजूंच्या गाड्या येथे येतात. फलाटावर मराठी, उर्दू, तेलुगू कानांवर पडते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणारी कितीतरी माणसे तेव्हा उर्दूत शिकली. त्यामुळे त्यांची मराठी कमी झाली नाही. आज तुम्ही उर्दू शाळेत मराठी शिकता. त्याने तुमची उर्दूही कमी होणार नाही.

कादंबरीत डेल हार्डी नावाच्या शिपायाला दोन्ही भाषा येतात. मुलाचे म्हणणे त्याच्या आईबापांना तोच समजावतो. अशी माणसे तेथे फार थोडी होती. ती जास्त असती तर काय झाले असते? पुस्तक वाचून झाल्यावर याचा विचार जरूर करा.